याहू मेसेंजरच्या जुन्या फायली उघडतील का? (आणि तुम्ही पहिल्यांदा कुठं 'ऑनलाइन' आला होता?)

राजारामपुरी_आठवी

मंडळी, गेल्या रविवारी माळा आवरताना जुना सीपीयू सापडला. चाळीस जीबीची हार्ड डिस्क काढून जोडली तर चक्क चालली. आत 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये याहू, मग मेसेंजर, मग प्रोफाइल्स, त्यात माझा तेव्हाचा आयडी (सांगणार नाही, लाज वाटते), त्यात आर्काइव्ह. एकेका मित्राच्या नावाचं एकेक फोल्डर आणि आत शे-दीडशे फायली. नोटपॅडमध्ये उघडल्या की नुसती चिन्हं, ठिपके, चौकटी. कुणाला हे वाचता येतं का?

मला त्यातली एकच फाइल हवी आहे. १३ जुलै २००२, भारत-इंग्लंड नॅटवेस्ट फायनल. त्या रात्री आमच्या गल्लीतली केबल गेली होती. मंगळवार पेठेतला माझा जिगरी दोस्त टीव्हीसमोर, मी राजारामपुरीत कॉम्प्युटरसमोर. पठ्ठ्यानं अख्खी मॅच मला मेसेंजरवर टाइप करून सांगितली. ओव्हर न ओव्हर. सचिन गेला तेव्हा १४६ ला ५, तिथून युवराज आणि कैफ, मग हरभजन, झहीर, आणि तीन चेंडू राखून ३२६. शेवटी त्यानं लिहिलेलं 'जिंकलो' मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. मी ही गोष्ट बायकोला, पोरांना, ऑफिसात, सगळीकडं सांगितलीय. आता पुरावा हवाय.

फाइल उघडेपर्यंत गप्पा मारू. आजच्या पोरांना कळणार नाही, पण 'ऑनलाइन येणं' ही तेव्हा एक क्रिया होती. मोडेम किंचाळायचा, लाइन लागायची, यादीतल्या राखाडी स्मायल्यांतली एखादी पिवळी व्हायची आणि आपण म्हणायचो, आला! आता कुणी येत नाही आणि कुणी जातही नाही, सगळे कायमचे आत बसलेत. तर तुमचं पहिलं मेसेंजर कुठलं? आणि दुसरा प्रश्न: आमच्या कोल्हापुरात सगळे याहूवरच का होते? मी पहिल्यांदा आयसीक्यू शिकलो होतो, पण वर्षभरात तिथं कुणी उरलंच नाही.

सदाशिव

फोन का नाही केला? लोकल कॉल होता. आणि घरी रेडिओ नव्हता का?

राजारामपुरी_आठवी

फोनची लाइन नेटनंच अडवलेली न्हवं का मालक. रेडिओचे सेल घड्याळात होते.

सायबरमामा

हा धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा आहे. १९९९ ते २००८ मी कॅफे चालवला. आठ मशीन, विंडोज ९८, मधे प्लायवूडचे आडोसे. पहिल्या वर्षी तासाला साठ रुपये घेत होतो, बंद केला तेव्हा पंधरा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

आयसीक्यूवर नाव नसायचं, नंबर असायचा. पोरं तो नंबर वहीत, हातावर, माझ्या प्लायवूडवर, कुठंही लिहायची. दोन नंबरच्या मशीनच्या आडोशावर तर टेलिफोन डिरेक्टरी झाली होती. बरं, नंबर एक वेळ पाठ होईल. पण त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मित्रांची यादी त्या मशीनवरच राहायची, सर्व्हरवर नाही. म्हणजे काल तुम्ही तीन नंबरवर बसून चार मित्र जोडले, आज तीन नंबरवर कुणी बसलं असेल आणि तुम्हाला सहा नंबर मिळाला, की तुमचे मित्र गायब. पोरं भांडायची, "मामा, मला तीनच पायजे." मला वाटायचं खुर्ची चांगली आहे म्हणून. नाही, तिथं त्यांची माणसं होती!

याहूची यादी सर्व्हरवर. कुठल्याही मशीनवर बसा, आयडी-पासवर्ड टाका, सगळी मंडळी हजर. शिवाय तोच आयडी मेललाही चालायचा, आणि मेल तर नोकरीच्या अर्जासाठी सगळ्यांनी काढलेलाच होता. ज्याच्या घरी स्वतःचा कॉम्प्युटर आहे त्याच्यासाठी आयसीक्यू उत्तम होतं. आमच्याकडं घरी कॉम्प्युटर किती जणांकडं होता? सगळा कारभार भाड्याच्या मशीनवर. माझ्या मते याहू इथं कॅफेमुळं जिंकला.

अवांतर: भिंतीवर मी पाटी लावली होती, 'चॅटिंग करताना मोठ्याने हसू नये'. तिच्याकडं बघूनच लोक हसायचे. हेडफोनच्या कानाचे स्पंज कोण न्यायचं ते मला आजवर कळलेलं नाही.

तिकटीवरची

मामा, मिरजकर तिकटीजवळच्या एका कॅफेत मी आणि माझी मैत्रीण अर्धा-अर्धा तास वाटून घ्यायचो. एकीनं टाइप करायचं, दुसरीनं घड्याळ बघायचं.

माझा किस्सा ऐका. याहूच्या चॅटरूममध्ये शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला, ए एस एल. वय, लिंग, गाव. मी खरं सांगितलं: एकोणीस, मुलगी, कोल्हापूर. पुण्याचा एक जण बरा बोलत होता. साहित्य वगैरे. पंधरा मिनिटांनी आईची हाक आठवली म्हणून मी लिहिलं, "थांब, मी जेवून येतो." पलीकडं शांतता. मग त्यानं लिहिलं, "तू मुलगा आहेस." मी म्हटलं, नाही रे, मुलगीच आहे, खोटं कशाला सांगतो? झालं! त्याची खात्रीच पटली.

आता त्याला कसं समजावणार, की आमच्याकडं पोरी "मी जातो, मी येतो, मी करतो" असंच बोलतात? आई तशी, आजी तशी, वर्गातल्या सगळ्या तशा. मी तीन ओळी रोमनमध्ये बोलीभाषेचं व्याख्यान झोडलं. पठ्ठ्या म्हणाला, व्हॉइस चॅटवर ये. आले. माइक तोंडाजवळ धरून पहिलं वाक्य बोलले, "कवाधरनं सांगालोय तुला, मी पोरगीच हाय." तर कॅफेतले सगळे खुर्च्या वळवून माझ्याकडं बघायला लागले.

सदाशिव

मग? पुढं लग्न वगैरे?

तिकटीवरची

नाही. आवाज ऐकूनही म्हणाला, बहिणीला बसवलंयस.

जुना_मोडेम

धागाकर्ते, तुमची फाइल उघडेल, काळजी नको. खाली सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण तारखांचा गोंधळ नेहमी होतो.

आयसीक्यू नोव्हेंबर १९९६ चं. मिराबिलिस नावाची इस्रायली कंपनी, चार पोरांची. नावाचा खेळ असा की तीन अक्षरं इंग्रजीत म्हटली की 'मी तुला शोधतोय' असं ऐकू येतं. दीड वर्षात, जून १९९८ ला, एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीनं ती विकत घेतली. आधी रोख २८.७ कोटी डॉलर, वर पुढचे हप्ते वेगळे. एओएलचं स्वतःचं मेसेंजर, एआयएम, मे १९९७ पासून होतंच. याहू मार्च १९९८ मध्ये 'याहू पेजर' म्हणून आलं, पुढच्या वर्षी मेसेंजर झालं. मायक्रोसॉफ्टचं एमएसएन जुलै १९९९.

याच्याही आधी आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये युनिक्सवर 'टॉक' असायचं. पडद्याचे आडवे दोन भाग, वर तुम्ही, खाली समोरचा. त्यात एंटर दाबायची वाट बघावी लागत नसे, अक्षर दाबलं की तिकडं दिसलं. म्हणजे समोरच्यानं 'गाढव' लिहून, एकेक अक्षर मागं घेत, 'सर' केलेलं तुम्हाला लाइव्ह दिसायचं. आजचं 'टायपिंग...' त्यापुढं काहीच नाही. आणि गटात बोलायला आयआरसी, तेही १९८८ मधलं, फिनलंडच्या औलू विद्यापीठातल्या यार्क्को ओइकारिनेनचं.

एमएसएन आलं त्या महिन्यातली गंमत सांगतोच. मायक्रोसॉफ्टनं पहिल्याच आवृत्तीत एआयएमच्या सर्व्हरशी बोलायची सोय करून टाकली, एओएलला न विचारता. एओएलनं दार बंद केलं, मायक्रोसॉफ्टनं वळसा काढला, पुन्हा बंद, पुन्हा वळसा. शेवटी एओएलनं कमाल केली. त्यांच्याच प्रोग्रॅममध्ये एक चूक होती, जास्त मजकूर आला तर मेमरी ओसंडायची. सर्व्हर मुद्दाम त्या चुकीला धक्का द्यायचा आणि त्यातून नेमकं उत्तर आलं तरच समजायचा की समोर खरा एआयएम आहे. नक्कल करायची तर मायक्रोसॉफ्टला ती चूकही नक्कल करावी लागली असती. त्यांनी नाद सोडला.

सायबरमामा

म्हणजे खऱ्या भावाला ओळखायचं तर त्याच्या तोतरेपणावरनं. जगात भारी.

ओहायोकर

वाचतोय, मजा येतेय. मी २००१ ला इकडं आलो. २००५ चा कोल्हापूरचा पूर आठवतो. आई-बाबा शाहूपुरीत, फोन लागेना. शेजारचा मुलगा माझ्या यादीत होता, त्याची स्मायली राखाडी. ऑफिसात एका कोपऱ्यात ती खिडकी उघडी ठेवून मी दीड दिवस काम केलं, म्हणजे केलं नाहीच. दुसऱ्या दिवशी ती पिवळी झाली. त्यानं लिहिलं, "काका-काकू वरच्या मजल्यावर आमच्यात आहेत. काकू पिठलं करालीय." एवढंच. मग पुन्हा राखाडी.

सदाशिव

सगळं खरं, पण थोडं थंड पाणी ओततो. त्याच चॅटरूममध्ये नव्वद टक्के टवाळखोरी होती. २००५ मध्ये याहूनं लोकांनी स्वतः उघडलेल्या रूम बंद केल्या, त्याला कारणं होती. माझ्या बहिणीनं तर आठवड्यात आयडी बदलला होता. आणि ती लाडकी 'इनव्हिजिबल' सोय काय होती? सगळ्यांना बघायचं, आपण दिसायचं नाही. खिडकीच्या फटीतून गल्ली बघणाऱ्या आजीसारखं. जुनं ते सोनं वगैरे ठीक आहे, पण सोन्यात गाळ किती ते पण लिहा की.

तिकटीवरची

सदाशिवशी सहमत (हे वाक्य लिहायला लागेल असं वाटलं नव्हतं). मुलीच्या नावानं शिरलं की मिनिटात वीस खिडक्या उडायच्या. म्हणून नंतर आम्ही मुलाच्या नावानं जायचो. माझं व्याकरण तर तयारच होतं!

जुना_मोडेम

सगळ्यात चांगली वेळ माझ्या मते २००५-०६. ऑगस्ट २००५ मध्ये गूगल टॉक आलं. ते एक्सएमपीपी या खुल्या पद्धतीवर चालायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवरचा माणूसही तुमच्याशी बोलू शकेल. कल्पना ई-मेलसारखी, तुमची कंपनी वेगळी, माझी वेगळी, पत्र पोचणारच. जुलै २००६ मध्ये तर याहू आणि एमएसएननंही एकमेकांत पूल बांधला. मी तेव्हा 'गेम' (Gaim, खेळ नव्हे) नावाचा प्रोग्रॅम वापरत होतो, पुढं २००७ ला ज्याचं नाव पिजिन झालं. एकाच खिडकीत पाच दुकानांची गिऱ्हाइकं. वाटलं, आता हे सगळं एक होणार.

झालं उलटंच. मोबाइल आला आणि जो तो आपापल्या कुंपणात. २०१३ मध्ये गूगलनं हँगआउट्स आणताना बाहेरच्या सर्व्हरचं दार लावून घेतलं. एमएसएन त्याच वर्षी गेलं. मग डिसेंबर २०१७ ला एआयएम, १७ जुलै २०१८ ला याहू, जून २०२४ ला आयसीक्यू. आता युरोपात कायद्यानं व्हॉट्सॲपला बाहेरच्यांसाठी दार उघडायला लावलंय. १९९९ चं भांडण, पंचवीस वर्षांनी सरकारनं सोडवायला घेतलं.

व्हॉट्सॲप काढणारे यान कूम आणि ब्रायन ॲक्टन दोघेही याहूत नोकरी केलेले. आणि २००९ मध्ये व्हॉट्सॲपची मूळ कल्पना निरोप पाठवायची नव्हतीच. नावापुढं फक्त स्टेटस दिसायचं, कामात आहे, बॅटरी संपत आलीय, असलं. म्हणजे धागाकर्ते ज्याच्या आठवणीनं हळवे झालेत तेच. लोकांनी स्टेटसचाच वापर गप्पांसाठी सुरू केला, मग निरोप आले.

आता तुमची फाइल. याहूनं मजकूर लपवायला जी युक्ती केली होती तिला कुलूप म्हणणं म्हणजे कुलपांचा अपमान. प्रत्येक अक्षराचा आकडा घ्यायचा आणि तो तुमच्या आयडीतल्या अक्षराच्या आकड्याशी एक्सॉर करायचा (दोन आकडे बिट-बिट ताडून तिसरा काढायची क्रिया). पहिलं अक्षर आयडीच्या पहिल्याशी, दुसरं दुसऱ्याशी, आयडी संपला की पुन्हा पहिल्यापासून. एक्सॉरची गंमत अशी की तेच पुन्हा केलं की मूळ अक्षर परत. आणि किल्ली, म्हणजे तुमचा आयडी, फाइलच्या नावातच लिहिलेला आहे. आधी आठ आकडी तारीख, मग आयडी. कुलपालाच किल्ली टांगलेली. फक्त मजकूरच असा फिरवलेला असतो, त्याच्या आधी प्रत्येक निरोपाला वेळ, पाठवणारा कोण आणि लांबी हे सरळ आकड्यांत असतं. पायथॉन भाषेतल्या प्रोग्रॅमच्या वीस ओळींचं काम आहे, व्यनि (खासगी निरोप) केलाय.

आणि हो, मित्राला विचारल्याशिवाय इथं चिकटवू नका. निम्मं बोलणं त्याचं आहे.

राजारामपुरी_आठवी

मोडेमराव, उघडली!!! दंडवत. हात थरथरालेत. फक्त वेळा विचित्र आहेत, सगळं दुपारी घडल्यासारखं दिसतंय. मॅच तर आपल्याकडं रात्री होती.

जुना_मोडेम

ती जागतिक वेळ आहे. साडेपाच तास मिळवा.

सायबरमामा

टाका की मग लवकर. दुकान बंद करून बसलोय.

राजारामपुरी_आठवी

दोस्ताला फोन केला. म्हणाला, "टाक की, मी काय भितो होय? मीबी येतो तिथं." मूळ सगळं रोमनमध्ये आहे, देवनागरीत उतरवतोय. सुरुवातीचा भाग गाळलाय, त्यात गांगुलीनं काढलेल्या धावा आणि आमच्या शिक्षकांविषयी मतं आहेत.

तो: सेहवाग गेला
तो: मोंगिया गेला
मी: थांब आई फोन मागाल्या
मी: आलो. बोल
तो: द्रविड पण गेला
मी: हात्तिच्या
तो: सच्या आहे अजून. काळजी करू नको
तो: सच्या गेला
मी: खोटं
तो: १४६ ला ५. संपलं. झोपतो मी. उद्या खासबागेत भेळ, पैसे तू दे
मी: ए थांब
मी: कोण खेळालंय आता?
मी: आहेस काय?
मी: डिंग
मी: डिंग
मी: डिंग
मी: भावा
मी: फटाके वाजालेत इकडं. कशाला वाजालेत?
मी: भावा सांग की

इथं फाइल संपते. ('डिंग' म्हणजे याहूचा बझ, समोरच्याच्या मशीनवर आवाज व्हायचा.)

तिकटीवरची

म्हणजे... त्यानं सांगितलीच नाही?

सदाशिव

पंचवीस वर्षं बायकोला खोटं सांगितलंत.

राजारामपुरी_आठवी

तेवीस. आणि मला शपथेवर वाटत होतं की त्यानं 'जिंकलो' लिहिलं. अक्षरांचा रंग पण आठवतो. निळा. कुठनं आलं माझ्या डोक्यात, देव जाणे. सकाळी पेपर बघून कळलं असणार. ए पेठेतल्या, ये की आता पुढं.

मंगळवारपेठ_तालीम

आलोय. नवीन खातं काढलंय, सांभाळून घ्या.

झोपलो न्हवतो मी. झोपायलाच निघालो होतो. कॉम्प्युटर तसाच ठेवून टीव्ही बंद करायला गेलो तर उंबऱ्यात असताना युवराजनं चौकार हाणला. आबा ओरडले, "हलू नको! हाय तिथंच थांब." मग कोण हलतंय? आबा आरामखुर्चीत, आई स्वयंपाकघराच्या दारात उलथनं घेऊन, मी उंबऱ्यात एका पायावर. युवराज गेला तवा मी जरासा पाय बदलला होता, त्याबद्दल अजून ऐकून घेतो.

मागच्या खोलीतनं तुझं डिंग डिंग सगळं ऐकू यालतं.